अठराव्या मजल्यानंतर

आमचे हे टॉवर क्रेन चालवतात आणि माझा धाकटा भाऊ खालून त्यांना हातानं खुणा करतो. दोघं एकाच साइटवर, पण दोन वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. कारण सांगायचीही लाज वाटते. धाकट्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं, पहिल्या जेवणाला सगळे जमले, आणि ह्यांनी पाहुण्यांसमोर मान तिरकी करून सांगितलं की बैठकीची भिंत वाकडी आहे. धाकटा म्हणाला, आकाशात बसणाऱ्यांनी जमिनीवरच्या गोष्टींत नाक खुपसू नये. झालं. तेव्हापासून ह्यांचे निरोप मी त्याला सांगायचे आणि त्याचे ह्यांना. नवऱ्याची बाजू घ्यावी तर भाऊ रुसतो, भावाची घ्यावी तर नवरा. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याच साइटवर मी स्टोअर सांभाळते. हातमोजे, कमरेचे पट्टे, वॉकीटॉकी, त्यांच्या बॅटऱ्या, सगळं माझ्या ताब्यात. माझ्या खिडकीतून अख्खा चौक दिसतो. सहा रस्ते एकत्र येतात आणि सहाही रस्त्यांवरच्या माणसांना वाटतं, पहिला मान आपलाच. अशा गर्दीला खेटून आमची इमारत उठत होती. सुरुवातीला धुळीच्या नावानं मी खूप बोटं मोडली. पण नऊ-दहा दिवसांत एक मजला चढायचा, आणि खाली एकाही माणसाच्या डोक्यावर खिळासुद्धा पडायचा नाही. मग कामावर येताना मीच मजले मोजायला लागले.

आणि त्या दोघांचं काम तर बघत राहावं असं. धाकटा हात लांब करून बोटं हळूहळू मिटायचा, आणि वर केबिनमध्ये ह्यांचा हात नेमका तेवढाच हळू फिरायचा. चार टनांचा सळयांचा गठ्ठा उशीवर डोकं टेकावं तसा टेकायचा. मला दोघांचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

घात केला तो इमारतीच्या उंचीनं. इमारत वाढली तशी क्रेनही वर सरकली, आणि अठराव्या मजल्यानंतर ह्यांना खालचे हात दिसेनासे झाले. सेफ्टी ऑफिसर बाईंनी दोघांना समोर उभं करून सांगितलं, उद्यापासून वॉकीटॉकी. ओझं नजरेआड असेल तेव्हा खुणा करणाऱ्यानं सतत बोलत राहायचं. आवाज थांबला की क्रेन थांबवायची, मग काहीही होवो. जमत नसेल तर एकाला दुसऱ्या साइटवर पाठवते. कामानं तेवढं दोघांना एकत्र धरून ठेवलं होतं. तेही सुटलं असतं तर ह्यांनी माझ्या माहेरी पुन्हा कधी पाऊल टाकलं नसतं.

पण दोघंही बारा गावचं पाणी प्यालेले. धाकटा बोलायचा, "वर. वर. सावकाश. डावीकडे." ना दाजी, ना काही. हे उत्तर म्हणून क्रेनचा भोंगा वाजवायचे. एकदा म्हणजे कळलं, दोनदा म्हणजे पुन्हा सांग. नियमही पाळला आणि अबोलाही. बाईंनी कपाळाला हात लावला.

त्या रविवारी एकोणिसाव्या मजल्यावर लोखंडी जिना चढवायचा होता. जागा मागच्या बाजूची, केबिनमधून अजिबात न दिसणारी. धाकटा तिथंच उभा राहणार होता. पोलिसांनी पाऊण तास चौक बंद केला होता. सकाळी हे मला म्हणाले, तुझ्या भावाला सांग घाई करू नकोस म्हणून. भाऊ म्हणाला, तुझ्या नवऱ्याला सांग, घाई कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी इतकी चिडले की खोक्यातली बॅटरी घालून वॉकीटॉकी धाकट्याच्या हातावर आपटला आणि तोंड फिरवलं.

जिना ट्रेलरवरून उठला. चौकात अडकलेली माणसं माना वर करून बघत होती. स्टोअरमधल्या वॉकीटॉकीवर धाकट्याचा आवाज येत होता, "खाली. खाली. सावकाश. अजून दोन मीटर..."

आणि आवाज थांबला. त्याच क्षणी क्रेनही थांबली.

भोंगा दोनदा वाजला. पुन्हा दोनदा. मग वॉकीटॉकीवर ह्यांचा आवाज आला, "सिग्नल. ऐकू येतंय का?" उत्तर नाही. "अरे, बोल."

चार्ज झालेल्या बॅटऱ्या मी उजव्या खोक्यात ठेवते, संपलेल्या डाव्या. माझी नजर उजव्या खोक्याकडे गेली. सकाळी भरून ठेवलेलं खोकं तसंच भरलेलं होतं. रागाच्या भरात मी डाव्या खोक्यात हात घातला होता.

वॉकीटॉकीवर ह्यांना म्हटलं, बॅटरी संपली असणार, मी वर जाते. एक बॅटरी उचलली आणि वॉकीटॉकी घेऊनच कामगारांच्या लिफ्टकडे धावले. पण माझ्या "असणार"वर ह्यांचं समाधान होईना. एकोणीस मजले माझ्या हातात ह्यांचा आवाज होता. "बोल रे. काहीही बोल." मग आवाज चिरकला. "छोटे सरकार, शिव्या दे, पण बोल." आमचं लग्न झालं तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासूनचं ते नाव, दोन वर्षं ह्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

वर धाकटा बंद वॉकीटॉकी तळहातावर आपटत होता. धडधाकट होता. मी बॅटरी बदलली, आणि ह्यांचा आवाज त्याच्या हातात सुरू झाला. तो ऐकतच राहिला. बटण दाबायचंही त्याला सुचेना. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं.

"दाजी," तो म्हणाला, "बॅटरी गेली होती. मी आहे."

भोंगा वाजला नाही. अख्खी साइट त्याच चॅनेलवर ऐकत होती, तरी हे म्हणाले, "मला वाटलं, तू पडलास."

"नाही दाजी. इथंच आहे."

"मग सांग पुढं."

त्यानं सांगितलं. खाली, दाजी. अजून थोडं, दाजी. जिना जागेवर बसला तेव्हा बोल्टांची भोकं एकमेकांवर नेमकी आली.

बाईंना मी खरं काय ते सांगितलं आणि लेखी ताकीद घेतली. जेवणाच्या सुट्टीत दोघं माझ्या खिडकीशी आले, एकत्र. डोकं ठिकाणावर होतं का तुझं, असं धाकट्यानं विचारलं, आणि बराच वेळ विचारत राहिला.

"तो म्हणतोय ते बरोबर आहे," हे म्हणाले, आणि पुढचं त्यांनी सुरू केलं.

एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. पण त्या दिवशी मान खाली घालून उभी राहिले. मधे एकदाही तोंड उघडलं नाही, न जाणो, दोघं बोलायचे थांबतील.