ब्रेक दाबला कोणी?

मी एक जुना ब्रेक आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या गाडीत, शिकणाऱ्याच्या पायाशी माझी जागा आहे. चपला, बूट, सँडल यांनी घासून घासून माझं रबर मधोमध गुळगुळीत झालं आहे. मित्रांनो, गाडीत बसल्यावर सगळे स्टिअरिंगकडे बघतात. आरशात तर न बघणारा विरळाच. माझ्याकडे कोणी बघत नाही, पण त्याचं मला एवढं वाटत नाही. मी जळतो तो एकाच जणावर.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी एकटा होतो. मग ही गाडी स्कूलने घेतली आणि मेकॅनिकने शेजारच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी, आणखी एक ब्रेक बसवला. त्याला एका सळीने माझ्याशी जोडलं. तो खाली गेला की मलाही खाली जावं लागतं. मी खाली गेलो तर तो मात्र जागचा हलत नाही. हा कुठला न्याय?

सुरुवातीला मला हे ठाऊकच नव्हतं. मी खाली जाई, गाडी थांबे, आणि मला वाटे की मीच ती थांबवली. शिकणाऱ्यालाही तसंच वाटे, कारण आमचे मास्तर फार मऊ मनाचे. दुसरे शिकवणारे खेकसतात. मास्तर गुपचूप आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचे, तेही इतक्या हलक्या पायाने की शिकणाऱ्याला पत्ता लागू नये, आणि वर म्हणायचे, "शाबास! वेळेवर दाबलास!" शिकणारा फुलून जाई आणि त्याच्या पायाखाली मीही फुलून जाई. पलीकडचा तेवढा गप्प बसे.

पुढे ती सळी सैल झाली आणि खट्‌ वाजू लागली. मी हलण्याआधी खट्‌, मग मी खाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांच्या शाबासक्या त्याच्या होत्या! त्या दिवसापासून माझा नुसता जळफळाट चालला होता. मेकॅनिक तेल घालायला आला की तेही आधी त्यालाच.

अशात मास्तरांची थोरली बहीण शिकायला आली. मास्तर तिला ताई म्हणत. तिच्यासाठी शाळेची व्हॅन चालवायची नोकरी तयार होती, फक्त लायसन्स हवं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. ताई गिअर झकास टाकायची, वळणही छान घ्यायची. समोर कोणी आलं, की सळी खट्‌ वाजायची.

एकदा बाजारात पिंपांनी भरलेली हातगाडी एकदम आडवी आली. खट्‌! आम्ही थांबलो.

"शाबास ताई! काय चलाख पाय आहे तुझा!"

ताई हसली नाही. "खरं सांग, कोणी दाबला?"

"तूच की. पाय तुझा, ब्रेक तुझ्यापुढचा. आणखी कोण दाबणार?"

"माझा पाय खाली गेला एवढं मला कळलं. मी नेला की तो आपला गेला, ते नाही कळलं."

"झालं तुझं सुरू! गाडी थांबली ना?"

"उगाच गोड बोलू नकोस. उद्या माझ्या मागे शाळेची पोरं असतील. तेव्हा तू असणारेस का शेजारी?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "खरं सांगू? मलाही माहीत नाही गं. इतकी सवय झालीय, की माझा पाय आधी जातो आणि मला मागाहून कळतं."

हे ऐकून मला कोण आनंद झाला! म्हणजे पलीकडचा शहाणा ज्याच्या जिवावर मिरवत होता, त्या पायालाच मालक नव्हता. माझ्या मनाला जरा थंडावा मिळाला. पण तो टिकला नाही.

"बूट काढ आणि सीटवर मांडी घाल," ताई म्हणाली.

"अगं, काहीतरीच काय!"

"मी थोरली आहे ना? घाल म्हटलं की घालायची."

मास्तर पट्टा लावून, मांडी घालून, पाहुण्यांकडे आल्यासारखे अवघडून बसले. ताईने गाडी गोदामांच्या मागे नेली. रस्ता सरळ आणि रिकामा होता, समोर मांजरसुद्धा नव्हतं. आणि तिथे तिने मला दाबलं. खट्‌ झालं नाही. वरून, सावकाश, पूर्ण पावलाने ती मला खाली नेत होती. गाडी थांबली.

"काय गं? का थांबलीस?"

"मला थांबायचं होतं."

"म्हणजे स्वतःला तपासायला थांबलीस. कारण होतंच की!"

"होतं ना. पण ते माझं होतं." ताईने मला सोडलं, पुन्हा दाबलं. "हां. दाबल्यावर असं वाटतं तर."

परतताना बाजारात एक कुत्रं चाकांपुढे धावलं. मास्तर "अगं अगं" करत मांडी सोडवेपर्यंत ताईने मला तळाला नेऊन टेकवलं होतं. कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं. मास्तरांनी शाबास म्हटलं नाही, आणि ताईनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आता ती व्हॅन चालवते. मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी काही शिकत असेल, तर आपले पाय वेळेवर आवरा. मायेने दाबलेला ब्रेकही समोरच्याकडून त्याचा पाय काढून घेतो. आणि कोणी शाबास म्हणालं, तर ताईसारखं एकदा विचारून घ्या.

पलीकडच्यावर मी अजून थोडा जळतो. पण खरा हेवा वाटतो तो ताईचा. मला थांबणं येतं, थांबावंसं वाटणं काय असतं ते ठाऊक नाही. तिने रिकाम्या रस्त्यावर मला दाबलं तेव्हा ते माझ्या अगदी जवळून गेलं, तळव्याइतक्या जवळून, आणि तरी माझं झालं नाही. आता माझं म्हणावं असं या हेव्याशिवाय काही नाही. पण मित्रांनो, तो मात्र कोणाच्या पायाने आलेला नाही.