देवीवर अन्याय काय झाला?

संपादकांनी कादंबरीचं बाड टेबलावर ठेवून चष्मा काढला, तशी समोर बसलेली लेखिका खुर्चीत पुढे सरकली. मुलीला शाळेत सोडून आल्यावर रोज थोडी थोडी लिहीत सहा वर्षांत पुरी केलेली अद्भुतरम्य कादंबरी होती ती. दोन प्रकाशकांनी आधीच परत केलेली. हे तिसरं दार, आणि चौथं तिला माहीत नव्हतं.

"ताई, तुमची देवी जबरदस्त आहे," संपादक म्हणाले. "समुद्र मागे सारते, राजांना रांगेत उभं करते. पण तिच्यावर अन्याय काय झालाय?"

"काहीच नाही."

"नवरा मारला? मूल पळवलं? निदान लहानपणी घराबाहेर काढलं असेल."

"नाही हो. ती पहिल्यापासूनच तशी आहे."

संपादकांचा चेहरा पडला. गेल्या वर्षी त्यांनी काढलेल्या अकरा कादंबऱ्यांतल्या अकराही नायिकांना आग, तुरुंग नाहीतर सावत्र आई यांच्या कृपेनेच शक्ती मिळाली होती. नायकाला मात्र जांभई देता देता तलवार सापडली तरी चालायची.

"वाचकाला पटायला हवं ना. आता आमच्या मालकीणबाईंचंच बघा," असं म्हणून त्यांनी भिंतीवरचं मानपत्र दाखवलं. पतिनिधनाचं दुःख गिळून बाईंनी छापखाना उभारला, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

नेमक्या त्याच वेळी बाई आत आल्या. काय चाललंय ते ऐकून घेऊन खुर्चीत बसल्या.

"हे गेले तेव्हा छापखाना नऊ वर्षांचा होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला काढावासा वाटला म्हणून काढला. पण असं सांगितलं की लोक तोंड वाकडं करायचे. मग दुःखाचं सांगायला लागले, तर त्याच लोकांनी सत्कार केले."

संपादक खिडकीबाहेर बघू लागले. लेखिकेच्या जिवात जीव आला.

"मग आहे तशीच छापणार ना?"

बाईंनी चार पानं चाळली. "मूल पळवलेलं घाला," त्या म्हणाल्या. "नवऱ्यापेक्षा ते जास्त खपतं."

लेखिकेला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "नाही घालणार," एवढंच बोलून तिने बाड त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि ती चालू लागली.

दार लोटता लोटता तिला मागून संपादकांचा आवाज ऐकू आला. ते बाईंची समजूत घालत होते, "जाऊ दे. आता झालाय त्यांच्यावर अन्याय. पुढची कादंबरी झकास लिहितील."