बटणांचा फोन

नवा फोन तन्मयने कौतुकाने हुंगला आणि वडिलांच्या नाकाशी नेला. जनार्दन साळवीने मान मागे घेतली. एकतीस वर्षं बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या रंगाच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला वास शिकवावे लागत नाहीत. फोनच्या पाठीला चामड्यासारखं काहीतरी चिकटवलेलं होतं आणि त्यावरचा लेप नीट वाळण्याआधीच कुणीतरी तो खोक्यात भरला होता. जनार्दनचं जेवणानंतरचं तोंड कडू झालं.

"कसला घाण वास आहे हा."

"वास सोडा हो बाबा, बटणं बघा."

बटणं मात्र होती. अर्ध्या फोनवर काच आणि खालच्या अर्ध्यावर मसुरीच्या डाळीएवढी काळी बटणं, त्यांवर बारीक इंग्रजी अक्षरं. तन्मय फोन तपासून त्यांचे व्हिडिओ करायचा. गोरव्यातली चांगली नोकरी सोडून त्याने दोन वर्षांपूर्वी हा उद्योग सुरू केला होता. दिल्लीच्या कुठल्याशा कंपनीने हा फोन त्याच्याकडे पंधरा दिवस वापरून बघायला पाठवला होता, आणि त्याच्या डोक्यात लगेच वडील आले होते. ते जनार्दनला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

कारण काचेच्या फोनशी जनार्दनचं कधी जमलंच नाही. कारखान्यात हातमोजे आठवड्यात फाटत आणि नवे तीन महिन्यांनी येत. मधल्या दिवसांत ॲसिड, सोडा, रंग सगळं बोटांवरूनच गेलं. बोटांची टोकं गुळगुळीत आणि टणक झाली, कडेला भेगा पडल्या, नखांच्या मुळाशी एक पिवळेपणा कायमचा राहिला. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लावला तर यंत्र म्हणे माणूस ओळखू येत नाही. काचेवर बोट ठेवलं तर काच ढिम्म. जोर लावला की भलतंच काहीतरी उघडायचं. त्या काचेचा त्याला मनापासून तिटकारा होता.

एरवी त्याने फोनचं नावही काढलं नसतं, पण जगदेवराव होते. जगदेवराव नागरवाड्यातले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, आणि ते स्वतः कारखान्याच्या प्रयोगशाळेत. जनार्दनचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून बडोद्याला आलेले. एरवी गाठ पडायचं कारण नव्हतं, पण दोघांच्या पाळ्या एक झाल्या आणि सव्वीस वर्षं त्यांनी एका डब्यातलं खाल्लं. दोन वर्षांमागे जगदेवरावांच्या घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ते फोनवर लिहून बोलत. आणि जनार्दनला काचेवर लिहिता येत नव्हतं.

"अहो, काय लिहू?" असं शालिनी चष्मा लावून विचारायची. जनार्दन सांगायचा, ती लिहायची. आवाज भरून पाठवा, असं तन्मय म्हणाला होता. एकदा त्याने पाठवलाही. पण ज्याचा आवाज गेला त्याला आपला आवाज पाठवायचा, हे त्याला कसंसंच झालं. आणि बायकोला सांगून लिहून घेता येईल एवढंच माणूस मित्राशी बोलतो असं थोडंच आहे?

"मी कॅमेरा लावतो हं," तन्मय म्हणाला. "तुमचा चेहरा घेत नाही. फोन तेवढा दिसेल."

"घे," जनार्दन म्हणाला, आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला.

पहिल्यांदा एका बोटाखाली तीन तीन बटणं दबली. मग अंगठ्याच्या नखाची कड टेकवली तर बटण टक् करून आत गेलं आणि वर अक्षर उमटलं. यंत्रावरचा खटका बसल्यासारखा तो आवाज होता. पिंपांवरची लेबलं आणि पाळीची नोंदवही यांमुळे इंग्रजी अक्षरं त्याच्या ओळखीची होती. त्या अक्षरांत त्याने मराठी लिहिलं. 'मी जनार्दन. स्वतः लिहितोय.' एवढ्याला चार मिनिटं लागली.

उत्तर लगेच आलं. 'खोटं. शालिनीवहिनींना नमस्कार.'

'ती देवळात गेलीय.'

'मग एक शिवी लिही. म्हणजे खात्री पटेल.'

जनार्दनने शिवी लिहिली. फोनने ती खोडून तिथे एका फळाचं नाव घातलं. पुन्हा लिहिली, पुन्हा फळ. माझ्या तोंडात शब्द घालणारा तू कोण, असं मनात म्हणत त्याने तन्मयकडून तो आगाऊपणा बंद करून घेतला आणि शिवी पाठवली. जगदेवरावांनी उलट तिच्याहून जहाल शिवी पाठवली. दोन म्हातारे त्या दुपारी पाऊण तास एकमेकांना शिव्या देत होते.

पुढचे पाच-सहा दिवस फोन त्याच्या खिशातच होता. वास त्याला अजून सोसत नव्हता, जेवायच्या आधी तो साबणाने हात धुवायचा. पण लिहायचा. जुन्या मॅनेजरबद्दल, भाजीवाल्याबद्दल, तन्मयच्या 'हेलो दोस्तों'बद्दल. घरात साधं बोलणारा पोरगा कॅमेरा दिसला की सर्कशीतल्या उद्घोषकासारखा का ओरडतो, याबद्दल त्याने चांगलं अर्धं पान लिहिलं.

सातव्या दिवशी तन्मयने पुन्हा कॅमेरा लावला. "तुमचा स्पीड वाढलाय, तो दाखवतो. खांद्यावरून घेतो." लाव म्हणत जनार्दनने पुन्हा इस्त्रीचा शर्ट चढवला आणि फोन उघडला. जगदेवरावांचा निरोप येऊन पडला होता.

'गाठ परत आलीय. पुढचे केमो मी घेणार नाही. योगिनीला सांगितलेलं नाही, ती ऐकणार नाही. तुला म्हणून सांगतो. पोटात ठेव.'

पोटच्या मुलीपासूनही लपवलेलं ते जनार्दनने दोनदा वाचलं. मग तो लिहायला लागला, खोडायला लागला, पुन्हा लिहायला लागला. डोळ्यांतलं पाणी त्याने मनगटाने पुसलं. खांद्यामागे कॅमेरा आहे हे तो साफ विसरला होता.

व्हिडिओ दोन दिवसांनी आला, आणि जनार्दनला तो कळला शेजारच्या देवश्रीकडून. ती कॉलेजात जाणारी मुलगी, जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तर फेमस थई गया." तिच्याच फोनवर त्याने तो तिथेच, जिन्यात उभं राहून पाहिला.

सुरुवातीला त्याची बोटं होती. आल्याच्या कुड्यांसारखी, पडदाभर. भोवती लाल वर्तुळ, मागे रडकी बासरी. "दोस्तों, ये हाथ मेरे पप्पा के हैं," तन्मयचा आवाज म्हणाला. त्या घरात जनार्दनला कुणी कधी पप्पा म्हटलं नव्हतं. मग भेगा आल्या, पिवळी नखं आली, फोनची किंमत आली. मग मनगटाने डोळे पुसणारा जनार्दन आला, बाजूने, चेहऱ्यासकट, अगदी हळू हळू, आणि बासरी चढली. आणि मध्येच दोन सेकंद फोनची काच दिसली. वर जगदेवरावांचं नाव, खाली त्यांचा निरोप.

"नीचे शुं लख्युं छे, जुओ ने," देवश्री भाबडेपणाने म्हणाली.

खाली लोकांनी लिहिलं होतं. कुणीतरी नेमका तिथे व्हिडिओ थांबवून निरोप वाचला होता आणि इतरांच्या सोयीसाठी त्याचं हिंदी केलं होतं. त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग. कुणी जनार्दनला सलाम ठोकला होता. एकाने विचारलं होतं, बटणं प्लास्टिकची आहेत की धातूची. तन्मयने त्याला उत्तर दिलं होतं, प्लास्टिक, पण क्वालिटी मस्त.

जनार्दनने फोन देवश्रीच्या हातात परत दिला. तो सरळ घरात गेला.

"तो व्हिडिओ काढ."

तन्मय समजला. चेहरा उतरला त्याचा. "बाबा, ते दोन सेकंद कापायचे राहिले. खरंच माझं लक्ष नव्हतं. मी तेवढं ब्लर करतो, आत्ता करतो."

"सगळा काढ."

"साडेतीन लाख लोकांनी बघितलाय. माझा आजवर एकही व्हिडिओ वीस हजारांच्या वर गेला नाही. कंपनीचा फोन आला होता, म्हणतात, हा पीस परत करू नका, तुमच्या पप्पांनाच ठेवा."

"त्यांनाही मी पप्पाच का?"

जनार्दन त्याच्याकडे बघत राहिला. पोरगा वाईट नव्हता. आजारपणात त्याने बापाचे पाय चेपले होते. आणि त्याच पोराने बापाला रडताना बघून आधी कॅमेरा सारखा केला होता, चित्र हलू नये म्हणून. आपलंच मूल आपल्याला शिळ्या अन्नासारखं नकोसं वाटावं, असं जनार्दनला आयुष्यात पहिल्यांदा झालं.

शालिनीने आतला गॅस बंद केला आणि ती बाहेर आली. "तन्मय, काढ ते," एवढंच म्हणाली. त्याने काढलं. पण कंपनीने बोटांचा तुकडा स्वतःच्या पानावर लावला होता, आणि तो काढणं तन्मयच्या हातात नव्हतं.

जगदेवरावांना पाठवलेल्या निरोपाला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दन स्कूटर काढून नागरवाड्यात गेला. दार योगिनीने उघडलं. आईमागे वडिलांचं सगळं तीच करायची, एका विमा कंपनीत नोकरी सांभाळून. ती आज कामावर गेली नव्हती.

"जनार्दनकाका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला ऑफिसातल्या समरजितने दाखवलं. म्हणाला, हे तुझे बाबाच का गं. लिफ्टमध्ये वाचलं मी ते. चार लोक होते सोबत." तिचा आवाज चढला नाही. "निदान तुम्ही तरी सांगायचं."

जनार्दन चपला काढून आत गेला. जगदेवराव खिडकीशी बसले होते, गळ्याभोवती पातळ रुमाल, मांडीवर वही. त्यांनी बसायची खूण केली नाही. वहीत लिहून त्यांनी ती पुढे सरकवली.

'कॅमेरा चालू आहे हे माहीत होतं?'

विसरलो होतो, असं जनार्दनला म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. "होतं," तो म्हणाला. "मीच लाव म्हटलं होतं."

जगदेवरावांनी वही ओढून घेतली.

'इस्त्रीचा शर्ट होता अंगात.'

आतापर्यंत त्याला पोराची, कंपनीची, त्या बासरीची किळस आली होती. आता ती स्वतःपर्यंत पोचली आणि तिथे चांगली बसली. योगिनीने एकच कप चहा आणला, वडिलांपुरता, नळीतून द्यायचा.

शेवटी चाललं योगिनीचंच. तिने वडिलांशी तीन दिवस भांडण केलं आणि चौथ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. पुढच्या गुरुवारी तिला रजा मिळेना, तेव्हा तिने जनार्दनला फोन केला. येता का, असं तिने विचारलं नाही. अकरा वाजता पोचायचंय, एवढंच म्हणाली. तो गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेला. जगदेवराव रिक्षात बाहेर बघत, वही उघडत नसत. परतल्यावर त्यांना उलट्या व्हायच्या. जनार्दन भांडं धरायचा, हनुवटी पुसायचा, भांडं मोरीत धुऊन पालथं घालायचा. तिसऱ्या गुरुवारी जगदेवरावांनी उलटी आटोपल्यावर वही मागितली आणि लिहिलं, 'तुझ्या पोरामुळे ओकतोय.' मग त्याखाली एक शिवी लिहिली. जनार्दनने ती वाचली आणि भांडं उचलून मोरीत नेलं.

त्या संध्याकाळी जेवताना तन्मयने काका कसे आहेत म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणतात गाठ थोडी आकसलीय, जनार्दन म्हणाला. तन्मयचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हणजे एका अर्थी बरंच झालं ना, बाबा? व्हिडिओ नसता आला, तर काका ट्रीटमेंटला गेलेच नसते."

शालिनीचा वाढता हात थांबला.

"मी काय म्हणत होतो," तन्मय पुढे म्हणाला, "काकांना चालत असेल तर एक छोटासा फॉलोअप. त्यांना विचारूनच. लोक अजून विचारतात त्यांच्याबद्दल."

जनार्दनच्या तोंडातला घास तसाच राहिला. तो गिळवेना आणि पोरासमोर थुंकवेना. मुलगा म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. त्याने पाणी पिऊन घास खाली ढकलला.

"तू म्हणतोस तसं असेलही," तो म्हणाला. "पण माझ्यासमोर हे पुन्हा बोलू नकोस. मला शिसारी येते तुझी."

तो ताटावरून उठला. तन्मय खाली मान घालून भात कालवत बसला, आणि शालिनीने, जिने आजवर पोराची बाजू कधी सोडली नव्हती, त्याला आमटी घे असंही म्हटलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी जनार्दनने कपाटाच्या खणातून फोन काढला, खोक्यात घातला, खोक्यावरचा कंपनीचा पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवला आणि गोरव्यातल्या कुरिअरवाल्याकडे गेला. काउंटरवरच्या माणसाने वजन केलं, पावती फाडली आणि सही करणाऱ्या हाताकडे तो बघतच राहिला.

"अंकल, एक वात पूछुं? पेला वीडियोमां तमारा ज हाथ हता ने?"

"ना," जनार्दन म्हणाला, पावती खिशात घातली आणि स्कूटरला किक मारली. साडेदहा होत आले होते, आणि अकराला दवाखान्यात पोचायचं होतं.