विमानाचं लिंबू

"पोपट तिकडं वाल फोडतायत, नि तुमी हितं म्हावऱ्याचा खोका कापत बसलाय! घरचं झालं थोडं, त्यात ह्ये घोडं!"

मंजुळा बांधावर थाळी बडवता बडवता नवऱ्यावर ओरडली. आनंदा आंब्याखाली मान घालून थर्माकोल कापत राहिला. डोंबिवलीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. बोलणं कधी जमलं नाही, वाचणं तेवढं जमलं. आता मलंगगडाच्या वाटेवरच्या आपल्या गावात तो शेती बघत होता. भात निघाल्यावर त्याच ओलीवर टाकलेला वाल शेंगांनी लगडला होता, आणि पोपटांना उजाडेपर्यंत धीर नव्हता.

दुहेरी पंखांचं छोटं विमान सावकाश उडतं, थोडक्या जागेत वळतं, असं त्यानं लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं. ते वालावरून फिरवलं तर पोपट थांबतील कशाला? वापरलेली मोटार आणि रिमोट डोंबिवलीहून आले. पंखांना मासळीच्या खोक्याचं थर्माकोल, वरच्या-खालच्या पंखांमध्ये उदबत्तीच्या काड्या, चाकांना औषधाच्या बाटल्यांची झाकणं. विमानाला बोंबलाचा वास यायचा.

"शनवारपर्यंत बगन," मंजुळा म्हणाली. "पोपट गेलं तर गेलं. नायतर तुमचं इमान चुलीत, नि हंगामभर थाळी तुमच्या हातात."

थर्माकोल चुलीत घालू नये, एवढंसुद्धा आनंदाच्या तोंडून निघालं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कुणी नाही असं बघून त्यानं विमान सोडलं. ते नाक वर करून उभंच्या उभं चढलं, क्षणभर थबकलं आणि शेपटीवर आपटलं. आनंदाला कारण लगेच कळलं. शेपटी निसटेल या भीतीनं त्यानं ती चिकटवली होती, मग खात्री वाटेना म्हणून पुन्हा चिकटवली होती, आणि मग पुन्हा. शेपटीला सगळा सरसच झाला होता, ती जड पडली होती. त्यानं पंपाचा एक जुना नट विमानाच्या नाकात बसवला आणि पंखाखाली दोन बोटं धरून तोललं. विमान सरळ राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपलं बरोबर आहे.

शनिवारी सकाळी अर्धा गाव बांधावर जमला. शेजारच्या शेतातली आवडाबाई, मंजुळेची आतेसासू, पुढं झाली.

"आनंदा, नवा टेम्पो घेतला तरी लिंबू बांदतात. ह्ये तं वर जानार! धर." तिनं नाकातल्या मोटारीच्या खाली भलंमोठं लिंबू आणि सात मिरच्या काळ्या दोऱ्यानं करकचून बांधल्या.

"आत्ये, वजन..." आनंदा पुटपुटला.

"वजन तं हायेच! माज्या परसातलं लिंबू हाय."

विमान धावलं, हातभर उठलं आणि नाक खुपसून वालाच्या वेलात शिरलं. पोपटांनी मानही वळवली नाही.

"चूल पेटवू का?" मंजुळा म्हणाली. लोक हसले.

"थांब गं," आवडाबाईनं लिंबू चेपून पाहिलं. "शिलं झालं व्हतं. ताजं आनते."

ती परसात गेली. लिंबू काढा म्हणायची आनंदाची छाती नव्हती. मग त्यानं एवढंच केलं, विमान घेऊन पेंढ्याच्या उडवीमागं गेला आणि नाकातला नट काढून खिशात टाकला.

ताजं लिंबू लागलं. विमान धावलं, उठलं आणि उठलेलंच राहिलं. दोन्ही पंख उन्हात पांढरे चमकवत, मिरच्या हलवत ते वालावरून निघालं, तशी हिरवी चादर झटकावी तसे पोपट एकदम उडाले आणि कलकलाट करत डोंबिवलीच्या टॉवरांच्या दिशेनं दिसेनासे झाले. आनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. रिमोट सोडता येईना, म्हणून ते तसंच वाहिलं.

"बगितलं?" आवडाबाई गावाला सांगू लागली. "परसातलं हाय."

दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक वालाच्या शेतात काठीला लिंबू लटकत होतं. विमान कसं केलं, हे कुणीच विचारलं नाही. आनंदाच्या शेतातून उडालेले पोपट त्या लिंबांशेजारी बसून शेंगा फोडत होते.

मंजुळेनं थाळी घरात नेली. त्या रात्री तिनं त्याला वालाचं बिरडं आग्रहानं वाढलं.

"मंजुळा, खरं सांगू का..." आनंदानं पहिल्यांदाच धीर केला.

"काय?"

तिचा चेहरा इतका खूश होता, की तो घास गिळून बसला.

"काय नाय. इमानाचं लिंबू दर शनवारी बदलत जा. सुकलं की हलकं पडतं."

"ह्ये तुमी मला शिकवता?" मंजुळा म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक डाव वाढला.