बसल्यावरचं माप

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. घरात आम्ही सात जण: सासूबाई, हे आणि मी, माझ्या दोन मुली, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई. गाडी मात्र चौघांची, दाबून पाच. कुठेही निघालो की सासूबाई म्हणायच्या, "तुम्ही या जाऊन, मला कंटाळा येतो."

कंटाळा कसला, गुडघे वाकत नव्हते. त्या बुटक्या गाडीतून एकदा त्यांना दोघांनी ओढून बाहेर काढलं होतं, शेजाऱ्यांच्या देखत. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी फाटक ओलांडलं नाही. नणंद पाच तासांवर राहायची. तिचं नवं घरही त्यांनी फोटोतच पाहिलं.

सात जणांची जुनी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं की गाडी सासूबाईंच्या मापाचीच घ्यायची. मी शिवणकाम करायची, मला दुसरं काय सुचणार? त्या स्वतः यायला तयार नव्हत्या. "परक्या माणसासमोर माझी परीक्षा नको," म्हणाल्या. मग त्या अंघोळीला गेल्यावर मी त्यांची खुर्ची मोजली. त्या एकाच खुर्चीतून त्या कुणाच्या आधाराशिवाय उठायच्या. उंची एकोणीस इंच.

जुन्या गाड्यांच्या आवारात भाऊजींनी एक निळी, चकचकीत गाडी हेरून ठेवली होती. मी जमिनीपासून सीटपर्यंत टेप लावली.

"ताई, गाडी घेताय की तिला झगा शिवताय?" गाडीवाला म्हणाला.

"अंगाला बसली तरच घेणार," मी म्हटलं.

माप भरलं वीस इंच. ह्यांनी आगाऊ रक्कम द्यायला खिशात हात घातला. उठताना मी सीटवर तळहात टेकला, तर तो आत रुतला. उभ्याने माप घेतलेला पायजमा बसल्यावर उसवतो, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना शंभरदा सांगायची. आणि इथे मीच रिकामी सीट मोजून मोकळी झाले होते.

"थांबा हो जरा," मी ह्यांना म्हटलं आणि गाडीवाल्याकडे वळले. "तुमचं वजन किती?"

"वहिनी," भाऊजी पुटपुटले.

"ऐंशी. का?"

"आमच्या सासूबाईंएवढंच. बसा, आणि कशालाही न धरता उठून दाखवा."

तो बसला. सीट चार इंच खाली गेली. उठताना त्याचा हात सवयीने दाराकडे गेला.

"हात नाही लावायचा."

त्याने दोनदा झोका घेतला. तिसऱ्यांदा त्यालाच हसू फुटलं. "मग ती बघा," तो म्हणाला. "तीन महिने कुणी ढुंकून पाहिलेलं नाही."

कुंपणाशी एक मळकट पिवळी गाडी उभी होती. दार सरकतं, सीट बाकासारखी कडक. तो बसला, मी मोजलं: एकोणीस. तो दोन्ही हात हवेत धरून सरळ उभा राहिला.

भाऊजींनी इंजिन ऐकलं. "तब्येत ठणठणीत आहे. रंगाकडे बघू नका म्हणजे झालं."

गाडी दारात आली तेव्हा सासूबाई पायरीवर होत्या. उतरून आल्या, बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. ह्यांनी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला.

"रंग काय मेला हा," त्या म्हणाल्या. "पेट्रोल आहे ना? मग चल तुझ्या बहिणीकडे."

"आई, आत्ता? तिला कळवायला तरी..."

"लेकीच्या घरी काय चिठ्ठी पाठवून जायचं?"

आम्ही सातही जण गेलो. वाटेत त्यांनी तीनदा गाडी थांबवायला लावली. तिन्ही वेळा काम काहीच नव्हतं. नुसत्या उतरल्या, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा चढल्या.

सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या आणि घरी अशा फारशा सापडल्याच नाहीत. नणंद अजून त्याच घरात आहे. भाऊजींनी पुढे गॅरेज काढलं. जाऊबाई त्याच गाडीवर चालवायला शिकल्या आणि निवृत्त होईपर्यंत शाळेची व्हॅन चालवत होत्या. माझी थोरली मुलगी परदेशी असते, धाकटी माझं शिवणाचं दुकान बघते. हे जाऊन तीन वर्षं झाली. गाडीवाल्याने टेबलाच्या खणात टेप ठेवायला सुरुवात केली होती, आणि गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा, "घरात गुडघे कुणाचे दुखतात?" त्याचा धंदा जोरात चालला.