पागाची दोरी

तात्यांच्या डाव्या मनगटाला दोरी मी बांधत असे. आपल्याच मनगटाला उरलेल्या एका हाताने ती गाठ मारता येत नाही. म्हणून ते सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात पुढे करत, आणि मी तवा उतरवून, हात पुसून गाठ मारत असे. अशी मी सात वेळा मारली. सातवी सव्वीस जानेवारीला.

तात्या म्हणजे माझे वडील, हौसेराव फडतरे. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या गावच्या ओढ्याला फेब्रुवारीनंतर पाणी नसायचं, त्यामुळे पोहायला कधी शिकले नाहीत. आजोबांनी नाव हौसेने ठेवलं असेल, पण तात्यांनी स्वतः हौसेने केलेली एकही गोष्ट निवृत्तीपर्यंत मला आठवत नाही.

आठवतात त्या दोऱ्या. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या टेबलावरची एक फाईल गहाळ झाली. चौकशी झाली, मेमो आला, बढती सहा वर्षं लांबली. फाईल पुढे दुसऱ्याच कोणाच्या कपाटामागे सापडली, पण तोपर्यंत वस्तू बांधून ठेवणं हा त्यांचा स्वभाव होऊन गेला होता. किल्ली सुतळीने सदऱ्याच्या गुंडीला. छत्री पिशवीच्या बंदाला. चष्मा गळ्यात. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला फाईल बांधायला शिकवली. ती गाठ कितीही ताण दिला तरी सुटत नाही, पण खोचलेलं टोक बाहेर काढून ओढलं की एका हाताने सुटते. "साहेबांच्या एका हातात फोन असतो," ते म्हणाले होते, "दुसऱ्या हाताने त्यांना फाईल उघडता आली पाहिजे." शाळेत शिकवायला लागल्यापासून उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही मी तशीच गाठ मारून बांधते.

आई गेली पंच्याण्णव साली. त्यानंतर दोन वर्षं तात्या घरात होते आणि नव्हते. नेरुळच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत. दुपारचं जेवण झाकून ठेवून मी शाळेत जायची, संध्याकाळी येऊन तेच ताट उचलायची. डॉक्टर म्हणाले चालायला पाठवा, म्हणून मी त्यांना बळेच बाहेर काढू लागले. ते करावे गावाच्या पलीकडे, खाडीच्या बांधापर्यंत जाऊ लागले.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर एकदा ते धापा टाकत घरी आले. "सुनी, तिथे एक म्हातारा पाण्यावर ताट ठेवतो."

"ताट?"

"जाळ्याचं. असं गोल फिरवून टाकतो, आणि ते पाण्यावर गोल पडतं. अगदी गोल." त्या रात्री ते दोन भाकऱ्या जेवले.

म्हाताऱ्याचं नाव सिताराम. सत्तरीचा, करावे गावातलाच. त्या जाळ्याला पाग म्हणतात. कडेने शिशाच्या गोळ्या, मधून दोरी. ती डाव्या हाताला एक वेढा देऊन मुठीत धरायची आणि सगळं जाळं खांद्यावरून गरकन फेकायचं. तात्या रोज जाऊन बघत बसत. पंधराव्या दिवशी म्हाताऱ्याने विचारलं, "काय साहेब, पगार चालू हाय का बघायचा?" आणि एक फाटका पाग त्यांच्या अंगावर टाकला.

तो फाटका पाग गच्चीवर आला. रोज पहाटे धप्प, धप्प. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार वर आले. ते आमच्या गच्चीखालीच राहत.

"फडतरेकाका, मिसेस म्हणते भूकंप होतोय."

"दहा मिनिटं फक्त."

"अहो पण मासे कुठेत? टाकीत सोडलेत काय?"

तात्या हसले. नंदकुमारही बराच वेळ थांबून बघत राहिले, आणि जाताना म्हणाले, "हात अजून वर घ्या. क्रिकेटमध्ये थ्रो करतात तसा."

महिनाभर जाळं केळीच्या पानासारखं लांबट पडत राहिलं. मग डिसेंबरच्या एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि मागे आवाज वेगळा आला. धप्प नाही, सगळीकडून एकदम टेकल्याचा. वळून पाहिलं तर गच्चीच्या मधोमध पाग पूर्ण गोल पडला होता. तात्या त्याच्या कडेला उभे होते, हात अजून वरच. "आज गोड कर," ते म्हणाले. बासष्टाव्या वर्षी. मी शिरा केला, त्यांनी तो स्वतः खालीवर सगळ्या मजल्यांवर वाटला.

सितारामनाना गच्चीवर येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला चांगला पाग तात्यांना वापरायला दिला. त्यांच्या थोरल्या भावाने विणलेला, आणि तो भाऊ आता हयात नव्हता. "माज्या भावाचा हात हाय त्यात," इतकंच ते म्हणाले. तात्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. मला त्यांचा चेहरा आवडला नाही. मेमो घेताना तो तसाच झाला असेल, असं वाटून गेलं.

पुढच्या रविवारी मी बांधावर गेले. गुडघाभर पाण्यात दोघं उभे होते. तिवरांच्या पलीकडे जुन्या बांधाच्या कुजलेल्या मेखा पाण्याबाहेर डोकावत होत्या. सितारामनाना माझ्याकडे आले.

"बाय, तुला एक सांगतो. ह्यो मानूस गाठी मारनारा हाय. कालपासून दोनदा बघला. दोरी हाताला बांधत होता. तू लक्ष ठेव. पाग अरकला आन् पानी चढाया लागला तं मूठ उघरायची. पाग गेला तं गेला. कललं?"

"हो."

"गाठ कदी मारू देव नको."

मी हो म्हणाले होते. हे मला लिहून ठेवायचं आहे.

चार दिवसांनी तात्या चिखलाने भरलेले घरी आले आणि आंघोळ न करताच गॅलरीतल्या खुर्चीत बसले. दोरी मुठीतून निसटली होती, पाग पाण्याच्या ओढीला लागून गेला होता. सितारामनाना गळ्याइतक्या पाण्यात शिरले, पायांच्या बोटांनी चाचपत चाचपत त्यांनी तो शोधला आणि हसत बाहेर आणला. तात्या हसले नव्हते. "दुसऱ्याची वस्तू," ते म्हणत राहिले. "दुसऱ्याची वस्तू माझ्या हातून गेली." तो दिवस आणि पुढचा दिवस ते जेवले नाहीत. गॅलरी, खुर्ची, झाकलेलं ताट. सगळं परत.

तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी डावा हात पुढे केला. दुसऱ्या हातात नायलॉनच्या दोरीचं टोक होतं.

"नानांनी नको म्हटलंय," मी म्हणाले.

"नाना पोहतात. माझ्या हातून गेला तर मला आणता येणार आहे का?"

"म्हणूनच नको म्हणतात."

"आपली फाईलची गाठ मार. टोक ओढलं की एका हाताने सुटते. मी शिकवली ना तुला?" मी तव्यावरची भाकरी उलटली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नाहीतर मी जात नाही. राहू दे."

मी गाठ मारली. टोक आत खोचलं, वर सदऱ्याची बाही ओढून गुंडी लावली. म्हणजे नानांना दिसणार नाही. बाहीची कल्पना माझी होती. दोरीचं लांब वेटोळं पिशवीतल्या पागापाशी ठेवून ते गेले, आणि दुपारी दोन बोईट मासे घेऊन शीळ घालत आले. मला त्यांची शीळ ठाऊकच नव्हती.

जानेवारीत नंदकुमारांनी ठरवलं की झेंडावंदनाला तात्यांचा सत्कार करायचा. दहावीतली मुलं, एक कॅरम चॅम्पियन आणि फडतरेकाका. शाल, श्रीफळ, फोटो. "काका, एक मोठा मासा घेऊनच या हां स्टेजवर. नाहीतर लोक म्हणतील मार्केटमधून आणला." हे ते गमतीत म्हणाले. तात्यांनी ते कामाच्या आदेशासारखं ऐकून घेतलं. पत्रिकेचा मजकूर मी लिहिला. 'उतारवयातही नवी कला आत्मसात करून' असं त्यात एक वाक्य होतं.

सव्वीस तारखेला सोमवार होता. अमावास्या दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. तात्या सहाच्या आधी दारात आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, सत्काराचा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळलेली.

"आज कशाला? साडेआठला कार्यक्रम आहे."

"तासाभरात येतो. एकच मासा."

"नाना आहेत ना तिथे?"

ते दोरीच्या टोकाकडे बघत होते. "असतील," ते म्हणाले.

आहेत, असं ते म्हणाले नाहीत. मी मराठी शिकवते. विद्यार्थ्यांच्या वाक्यातलं एवढं मला लगेच दिसतं. मी गाठ मारली, टोक खोचलं आणि बाहीची गुंडी लावली. मनगट गरम होतं. त्यांनी हात दोनदा झटकून पाहिला. "पक्की," ते म्हणाले.

साडेआठला खाली झेंडावंदन झालं. आवारात तीस-चाळीस खुर्च्या, टेबलावर निळी शाल, नारळ, हार. नंदकुमार माईकवरून म्हणाले, "आपले सत्कारमूर्ती माशाची समजूत घालतायत, येतीलच." लोक हसले. कॅरम चॅम्पियनचा सत्कार झाला. मग दहावीच्या मुलांचा. मी दुसऱ्या रांगेत बसून फाटकाकडे बघत होते. नऊला नंदकुमार माझ्याजवळ आले आणि माईक बंद करून म्हणाले, "ताई, काकांना बघायला कोणाला पाठवू का?"

"मीच जाते."

मी चालत गेले. धावले नाही. धावलं असतं तर काहीतरी झालं आहे असं ठरलं असतं.

बांधावर कोणी नव्हतं. पाणी वर आलं होतं, तिवरांची फक्त शेंड्यांची पानं दिसत होती. मेखा कुठे होत्या तेही कळत नव्हतं. सगळं सपाट, राखाडी, आणि अजून चढत होतं. बांधाच्या कडेला तात्यांच्या चपला होत्या. दोन्ही चपला सुतळीने एकमेकींना बांधून सुतळीचं दुसरं टोक दगडाखाली दाबलेलं होतं. वाहून जाऊ नयेत म्हणून.

मी तिथे किती वेळ उभी होते ते आठवत नाही. गावातून पुतळाबाई आल्या, सितारामनानांच्या पत्नी. डोक्यावर पाटी होती. माझ्याकडे बघून त्यांनी पाटी खाली ठेवली.

"साहेब आलं व्हतं? म्हातारा तं काल रातीच उरनला गेला लगनाला. साहेबाना सांगून गेला तो."

पाणी उतरायला दुपार झाली. पाग मेखांत अडकला होता आणि तात्या पागापाशी होते. पोलिसांनी दोरी मनगटापासून चार बोटांवर कापली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी सितारामनाना घरी आले. पाग धुऊन, दुरुस्त करून आणला होता. तो त्यांनी गॅलरीत ठेवला आणि खुर्चीत न बसता जमिनीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. पुडीत दोरीचं कडं होतं. मनगटाएवढं. तात्यांना उचलणाऱ्या गावच्या माणसांनी ते हातून सरकवून काढून नानांना दिलं असणार. गाठ जशीच्या तशी होती.

"पोलिसाला मी सांगितला, दोरी आपसूक गुंडालली. त्याना काय कलतं." त्यांनी पुडी बोटाने माझ्याकडे सरकवली. "बाय, ही गाठ एका हाताची नाय."

"मी मारली."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना आधीपासून माहीत होतं. खाली भाजीवाल्याची हाक आली. नानांनी कडं उचलून माझ्या हातात दिलं.

"सोर ही गाठ," ते म्हणाले.

दोरी वाळून कडक झाली होती. मी गाठ उजेडात धरली. टोक आत खोचलेलं होतं, मी खोचलं होतं तसंच, त्याच पेडाखाली. कोणाचा हात लागल्याची खूण नव्हती. नखाने मी ते बाहेर काढलं आणि ओढलं. गाठ सुटली. कडं सरळ होऊन माझ्या मांडीवर पडलं.

नाना बघत राहिले. "येवढी सोपी?"

"हो."

"त्याचा उजवा हात मोकला होता," ते म्हणाले. मग, "ठाव होतं त्याला, कशी सुटते ती?"

"त्यांनीच शिकवली होती."

"मंग त्यानं का नाय सोरली?"

उत्तर मला माहीत होतं. पाणी चढत असतानाही ते मला माहीत असणार, त्याआधी गुंडी लावतानाही.

"पाग तुमचा होता, नाना," मी म्हणाले.

ते उठले. पागाकडे न बघता जिना उतरून गेले. मी मागून हाक मारली, पाग राहिला म्हणून. ते थांबले नाहीत.

तो अजून गॅलरीतच आहे. शाल आणि नारळ नंदकुमार त्याच आठवड्यात देऊन गेले होते. नारळ मी तात्यांच्या फोटोपुढे फोडला. शाल कपाटात आहे. पाग परत न्यायला पुतळाबाईंना मी दोनदा निरोप पाठवला. त्या म्हणतात, म्हातारा म्हणतो राहू दे. म्हातारा आता पाण्यात उतरत नाही.