‘येतो’ एकदाच

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, ही आपल्याकडची साधी रीत. पण या साध्या रीतीनेच प्रदीपच्या नाकी नऊ आणले होते. सुरतेजवळच्या उधन्यातल्या दोन खोल्यांच्या दारात तो रोज सकाळी ‘येतो’ म्हणायचा आणि त्याची बायको विशाखा म्हणायची, “नीट नाही म्हटलं. परत म्हणा.” नीट म्हणजे कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. मग तो आत येऊन बसायचा, पाणी प्यायचा आणि पुन्हा उठायचा. हा नीट न म्हणता गेला तर परत येणार नाही, आणि दोष आपला, ही भीती तिला सोडत नव्हती. ही भीती खुळी आहे हे तिलाही कळायचं, पण कळून उपयोग काय? तोवर सचिन गावातल्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलची बस निघून जायची.

सुपरवायझरने आता शेवटचं सांगितलं होतं, परत उशीर झाला तर कामावर येऊच नकोस. मिलमध्ये सगळे हसायचे, प्रदीपला बायको सोडत नाही म्हणून. ते त्यांना सांगितलं होतं प्रदीपनेच.

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी दोघांनाही समोर बसवलं. विशाखा लहान असताना आईबाप गिरणीकामासाठी सुरतेला आले, ते तिला गावी मावशीकडे ठेवून. रडेल म्हणून झोपेतच सोडून निघाले होते. मॅडम म्हणाल्या, “असं झालेल्या सगळ्यांनाच हा आजार होतो असं नाही. पण आपलं माणूस सुटेल अशी धास्ती मनात मुरलेली असली, की एखादी शंका चिकटते ती निघत नाही.” डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू राहणार होतं, आणि त्यासोबत एक नियम. ‘येतो’ एकदाच म्हणायचं. मग जीव कितीही घाबरला तरी तिने पुन्हा मागायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. घाबरणं चढतं तसं उतरतंही.

“आणि तुमचं काय?” त्यांनी प्रदीपला विचारलं.

“माझं काही नाही. मला कुणाचं काही लागत नाही,” तो ऐटीत म्हणाला. त्याच्या घरी कोण कुठे गेलं, कधी आलं, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या सकाळी तो ‘येतो’ म्हणाला. विशाखाने चौकट घट्ट धरली, ओठ आवळले आणि म्हणाली, “या.” तो धावतच सुटला. बस मिळाली, खिडकीही मिळाली.

एरवी बस मिळालीच, तर ती हलण्याआधीच विशाखाचा फोन यायचा. आज आला नाही. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं. पांडेसरा आलं तसं त्याने खिशातून मोबाइल काढून पाहिला. मग पुन्हा पाहिला. शेवटी चरफडत त्यानेच फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही बाई! भेस्तानला तो बसमधून उतरला आणि शेअर रिक्षाने उलटा निघाला.

विशाखा जमिनीवर बसून साडीला खडे चिकटवत होती. अंग घामाने भिजलेलं, फोन बाजूला पालथा. त्याला बघून ती उभीच राहिली.

“का आलात?”

“फोन का नाही उचललास?”

“उचलायचा नव्हता म्हणून! छाती फुटेल असं वाटत होतं, तरी बसून राहिले. जरा उतरायला लागलं, तर तुमचाच फोन वाजायला लागला. थांबेचना मेला! सगळं वाया घालवलंत माझं.”

“तू ठीक आहेस ना?”

“हो.”

“नक्की?”

“एकदा सांगितलं ना!”

प्रदीपला असा संताप आला, की कुणावर काढावा तेच कळेना. तिने आज काहीच केलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण केलं होतं ते त्याने.

तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. “क्या रे, आज फिर बीवी ने नहीं छोड़ा?”

आवाज खोलीभर ऐकू गेला. विशाखाची मान खाली गेली. हो म्हटलं असतं तर साहेब हसला असता, शिवी हासडली असती आणि कदाचित सोडूनही दिलं असतं. आजवर तसंच निभावलं होतं.

“नहीं साब,” प्रदीप म्हणाला. “उसने तो छोड़ दिया था. मैं ही नहीं जा पाया.”